कॉम्प्युटर नवा, एक्सेल नवं, मग कॉस्टिंगचं बटण कुठे गेलं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची मुदत संपली. ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचीही त्याच दिवशी संपली. सुरक्षेचे अपडेट बंद होणार म्हटल्यावर अनेकांनी नवे कॉम्प्युटर घेतले आणि त्यांच्यावर नवं ऑफिस चढवलं. त्यानंतर सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना असो, नवी पेठेतलं टॅक्सवाल्याचं ऑफिस असो की सात रस्त्याजवळचं आर्किटेक्टचं, तक्रार साधारण एकाच चालीची असते. एक्सेल उघडतंय, फाइलही उघडतेय, पण वर जे आपलं कॉस्टिंगचं बटण असायचं ते नाही. किंवा आहे, पण दाबलं की इंग्रजीत काहीतरी ओरडतं.

व्हायरस नसतो, फाइलही बिघडलेली नसते. ते बटण मुळात एक्सेलचं नव्हतंच. कुणीतरी लिहून एक्सेलला जोडलेला तो छोटा प्रोग्राम होता. खालचं एक्सेल बदललं आणि जोड सुटला.

## तीन शब्द, मग पुढे

दुसऱ्या प्रोग्रामच्या आत राहून काम करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ॲड-इन. तो ज्याच्या आत राहतो तो होस्ट. एक्सेल, नकाशे काढायचं ऑटोकॅड, बिल्डिंगचं मॉडेल करायचं रेव्हिट हे सगळे होस्ट. होस्टने बाहेरच्यांसाठी ज्या ठरावीक खुंट्या ठेवलेल्या असतात, म्हणजे "सेल वाचायचा असेल तर हे म्हण, रेघ काढायची असेल तर ते म्हण", त्यांना मिळून एपीआय म्हणतात. ॲड-इन खुंट्यांवर टांगलेलं असतं. होस्टच्या नव्या व्हर्जनमध्ये काही खुंट्या सरकतात, काही निघतात, काही नव्या येतात.

सोलापुरात हे मागाच्या भाषेत जास्त लवकर कळतं. साध्या मागावर साधं कापड निघतं. चादरीवर नक्षी हवी असेल तर मागाच्या डोक्यावर जेकार्ड बसवावं लागतं. जेकार्डला हूक असतात, पुठ्ठ्याच्या कार्डाला भोकं असतात, आणि कुठे भोक आहे त्यावरून ताण्याचा कोणता धागा उचलायचा ते ठरतं. आता २४० हुकांच्या जेकार्डसाठी पाडलेली कार्डं ४०० हुकांच्या जेकार्डवर चढवा. नक्षीत काही खोट नाही, कार्डं फाटलेली नाहीत, तरी चालणार नाहीत. ज्या ग्राफवरून नक्षी उतरवली तो ग्राफ काढायचा आणि नव्या जेकार्डच्या मापाने कार्डं पुन्हा पाडायची, हाच उपाय.

सॉफ्टवेअरमध्ये ग्राफ म्हणजे सोर्स कोड, माणसाने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा. कार्डं म्हणजे त्याच्यावरून तयार केलेली फाइल, जी होस्ट चालवतो. ग्राफ एक ठेवायचा, कार्डं प्रत्येक होस्टच्या मापाची पाडायची. घोळ होतो तो बहुतेक ठिकाणी लोकांनी कार्डं जपलेली असतात आणि ग्राफ हरवलेला असतो म्हणून. पासवर्ड लावलेली एक फाइल हाताशी असते, आणि ती लिहिणारा मुलगा पुण्याला नोकरीला लागलेला असतो.

## एक्सेलमध्ये नेमकं काय काय तुटतं

सगळ्यात आधी सगळ्यात सोपी गोष्ट तपासा. ईमेलने किंवा इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज "बाहेरून आलेली" असा शिक्का मारून ठेवतं. २०२२ पासून अशा फाइलमधले मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्राम) ऑफिस सरळ अडवतं, आणि ॲड-इनच्या बाबतीत तर अनेकदा काही न सांगता ते लोडच करत नाही. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकची चौकट, तिच्यात खूण, ओके. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. एवढ्याने बटण परत आलं तर बाकीचा लेख सवडीने वाचा.

नाही आलं तर पुढचा संशय बिटांवर, म्हणजे ऑफिस ३२-बिट आहे की ६४-बिट यावर. ऑफिस २०१० पासून ६४-बिट ऑफिस मिळू लागलं, पण अनेक वर्षं मुद्दाम निवडलं नाही तर ३२-बिटच बसायचं. ऑफिस २०१९ पासून उलटं झालं. म्हणजे नव्या कॉम्प्युटरबरोबर, कुणी काही न ठरवता, कारखाना ३२ वरून ६४ वर गेला. ३२-बिट प्रोग्रामचे तुकडे ६४-बिट प्रोग्रामच्या आत चालू शकत नाहीत, हा विंडोजचा नियम आहे, त्याला पळवाट नाही. फॉर्ममधलं तारीख निवडायचं जुनं कॅलेंडर हा याचा नेहमीचा बळी. त्याची ६४-बिट आवृत्ती निघालीच नाही, त्यामुळे ते काढून साधा मजकुराचा रकाना ठेवणं आणि तारीख कोडमध्ये तपासणं हाच मार्ग. आपलं ऑफिस किती बिटांचं ते फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल इथे पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं.

मॅक्रो थेट विंडोजच्या फंक्शनला हाक मारत असेल तर त्या ओळीत "पीटीआरसेफ" हा शब्द घालावा लागतो. इथे अर्ध्या लोकांची चूक होते. एररमध्ये तो शब्द सुचवलेला असतो, लोक तो घालतात, एरर जातो आणि दोन दिवसांनी एक्सेल धाडकन बंद पडतं. कारण पीटीआरसेफ हा नुसता शिक्का आहे: "मी ही ओळ तपासली आहे, ६४-बिटवर चालेल" असं तुम्ही दिलेलं वचन. खरं काम पुढे आहे. ६४-बिटवर मेमरीतला पत्ता ८ बाइटांचा असतो आणि जुना "लाँग" प्रकार ४ बाइटांचा. दहा आकडी मोबाइल नंबर पाच खणांत लिहिला तर फोन लागत नाही, लागलाच तर भलत्याला. पत्ता जिथे जिथे साठवला आहे तिथे "लाँग" बदलून "लाँगपीटीआर" करावं लागतं, आणि फक्त तिथेच. सगळीकडे आंधळेपणाने बदललं तर वेगळा बिघाड होतो. खूप जुन्या ऑफिसलाही सांभाळायचं असेल तर "व्हीबीए७ असेल तर ही ओळ, नाहीतर ती" अशी दुहेरी नोंद ठेवतात. (व्हीबीए ही ऑफिसचे मॅक्रो लिहायची भाषा.) व्हीबीए७ म्हणजे ६४-बिट नव्हे हे लक्षात असू द्या. ऑफिस २०१० पासूनच्या ३२-बिट ऑफिसमध्येही ते असतंच. बिट ओळखायला "विन६४" ही वेगळी खूण आहे.

हे बिघाड निदान ओरडतात तरी. न ओरडणारे जास्त महाग पडतात. एक्सेल २००३ पर्यंत शीटला ६५,५३६ ओळी होत्या; २००७ पासून १०,४८,५७६ झाल्या. जुन्या कोडमध्ये शेवटची ओळ शोधायला "६५,५३६ व्या ओळीपासून वर जा" असं लिहिलेलं असतं. सुताच्या आवक-जावकीची नोंद ७०,००० ओळींवर गेली की ती ओळ स्वतःच भरलेली असते, आणि मग "वर जा" म्हटल्यावर एक्सेल सलग भरलेल्या ओळींच्या टोकापर्यंत, म्हणजे थेट पहिल्या ओळीपर्यंत उडी मारतं. ॲड-इनला वाटतं शीट रिकामं आहे. एरर नाही, काही नाही, रिपोर्ट कोरा. आकडा कोडमध्ये न लिहिता "या शीटला एकूण ओळी किती" हे शीटलाच विचारायचं. ओळींचा मोजणी-आकडा "इंटिजर" प्रकारात ठेवला असेल तर तो ३२,७६७ वर संपतो, तेही याच वेळी पाहून घ्या.

आणखी एक छुपं दुखणं संदर्भांचं. ॲड-इनमधून आउटलुकने मेल पाठवायची असेल तर कोड लिहिताना आउटलुकची लायब्ररी (तयार कोडचा संच) जोडतात. ती फाइल नव्या ऑफिसवर उघडून सेव्ह केली की जोड नव्या व्हर्जनचा होतो. तीच फाइल जुन्या ऑफिसवर नेली की टूल्स, रेफरन्सेस या यादीत "मिसिंग" दिसतं. गंमत म्हणजे एरर आउटलुकच्या ओळीवर येतच नाही. आजची तारीख काढणाऱ्या किंवा नावाची पहिली चार अक्षरं घेणाऱ्या निरुपद्रवी ओळीवर येतो, आणि माणूस तासभर तिथेच खणत बसतो. यावर इलाज म्हणजे लिहिताना जोड ठेवायचा, वाटप करण्याआधी काढायचा आणि काम पडेल तेव्हा आउटलुकला नावाने हाक मारायची. याला लेट बाइंडिंग म्हणतात. जोड काढला की आउटलुकची तयार नावंही जातात, म्हणून त्यांच्या जागी त्यांचे आकडे कोडमध्ये स्वतः लिहावे लागतात.

फॉर्म्युल्यांचंही तसंच. एक्सलुकअप (यादीतून हवी ती नोंद शोधणारं फंक्शन) ऑफिस २०२१ आणि ३६५ मध्ये आहे, २०१९ मध्ये नाही. ॲड-इनने शीटमध्ये ते लिहून ठेवलं तर जुन्या कॉम्प्युटरवर आधी जुनंच उत्तर दिसत राहतं, सगळ्यांना वाटतं चालतंय, आणि कुणी सेलला हात लावला की "नेम" असा एरर येतो.

## "मग प्रोग्रामनेच व्हर्जन विचारून घ्यावं"

विचारता येतं, पण उत्तराचा उपयोग कमी. ऑफिस २०१६, २०१९, २०२१, २०२४ आणि ३६५ ही पाचही स्वतःचा नंबर १६ सांगतात. (२००७ चा नंबर १२ आणि त्यापुढच्या २०१० चा १४, १३ गाळला आहे.) त्यामुळे "१६ असेल तर एक्सलुकअप वापर" ही अट २०१६ वर आपटते. नंबर विचारण्यापेक्षा ते काम येतं का हे विचारायचं. ॲड-इन सुरू होताना एक्सलुकअपचं एक फुटकळ गणित करून पाहायचं, उत्तर आलं तर पुढे तेच, एरर आला तर इंडेक्स-मॅचची जुनी वाट. सुरुवातीला एकदा तपासायचं आणि उत्तर लक्षात ठेवायचं. प्रत्येक सेलला विचारत बसलात तर शीट रांगायला लागेल.

## "प्रत्येक व्हर्जनची वेगळी कॉपी ठेवली तर सोपं नाही का?"

पहिले दोन महिने सोपं असतं. कॉस्टिंग २०१३, कॉस्टिंग २०१६, कॉस्टिंग ३६५, आणि एका व्यापाऱ्याला हवी म्हणून चौथी. मग २२ सप्टेंबर २०२५ उजाडतो. जीएसटीचे दर बदलतात, तयार कापडी वस्तूंवर ५ टक्के लागण्याची मर्यादा नगामागे १,००० रुपयांवरून २,५०० वर जाते. तीन कॉप्यांमध्ये बदल होतो, चौथी राहते, आणि तिच्यावरून काढलेलं कोटेशन चुकीच्या दराने बाहेर जातं. (दर कोडमध्ये असणं हीच मुळात चूक. ते सेटिंगच्या शीटवर तारखेसकट असावेत, म्हणजे मागच्या तारखेचं बिल मागच्या दराने निघतं.)

फाइलच्या नावात व्हर्जन घालण्याची सवयही अंगाशी येते. ॲड-इनमधलं फंक्शन शीटमध्ये वापरलं की एक्सेल त्या ॲड-इनचा पूर्ण पत्ता, ड्राइव्ह-फोल्डर-नावासकट, वर्कबुकमध्ये नोंदवू शकतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फोल्डर वेगळं किंवा नाव "कॉस्टिंग फायनल २ नवीन" असं असेल तर फॉर्म्युल्यात लांबलचक पत्ता दिसू लागतो आणि हिशेब थांबतो. नाव एकच, सगळ्या कॉम्प्युटरवर फोल्डर एकच, आणि ॲड-इनचा स्वतःचा नंबर आत, अबाउटच्या चौकटीत. त्याच चौकटीत होस्टचा बिल्ड नंबर आणि बिटही दाखवा. फोनवर "चालत नाही" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न त्याच तीन आकड्यांचा विचारायचा असतो.

## एक ग्राफ म्हणजे प्रत्यक्षात काय

टॉवेलच्या वजनाचं गणित घ्या. लांबी गुणिले रुंदी गुणिले जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन). ७० बाय १४० सेंटिमीटर म्हणजे ०.९८ चौरस मीटर, जीएसएम ५०० असेल तर एक नग ४९० ग्रॅम, ५,००० नगांच्या ऑर्डरला २,४५० किलो, त्यावर वेस्टेज. या गणितात एक्सेल कुठे आहे? कुठेच नाही. ते २००३ मध्ये जे होतं तेच आज आहे आणि उद्या ऑफिस कोणतंही आलं तरी तेच राहणार.

एक्सेल येतं ते आकडे सेलमधून उचलताना, उत्तर परत ठेवताना, बटण दाखवताना आणि प्रिंट काढताना. तेव्हा कोडचे दोन भाग करा. आतला भाग फक्त गणिताचा. त्याने सेल, शीट, रिबन (वरची बटणांची पट्टी) हे शब्दही उच्चारायचे नाहीत. बाहेरचा भाग एक्सेलशी बोलणारा, आणि तो होईल तितका पातळ. "हे व्हर्जन असेल तर असं, ते असेल तर तसं" या अटी फक्त बाहेरच्या भागात आणि शक्यतो एकाच मॉड्यूलमध्ये. त्या चाळीस ठिकाणी पसरल्या की कोणती अट अजून लागते आणि कोणती २०१० बरोबर मेली, हे कुणालाच सांगता येत नाही. जुन्या ॲड-इनमध्ये गणित बटणाच्या मागेच लिहिलेलं सापडतं. ते उपसून बाहेर काढणं कंटाळवाणं आहे, पण बाकीचं सगळं त्यावर उभं राहतं.

## ऑटोकॅड, रेव्हिटवाल्यांचं दुखणं वेगळं

एक्सेलमध्ये जुनं व्हर्जन काढून नवं टाकतात. आर्किटेक्टच्या ऑफिसात रेव्हिटची तीन व्हर्जनं एकाच कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी नांदतात, कारण रेव्हिट २०२५ मध्ये सेव्ह केलेली फाइल २०२४ मध्ये उघडत नाही. ज्या व्हर्जनमध्ये बिल्डिंगचं काम सुरू झालं त्यातच ते बहुधा शेवटपर्यंत चालतं. म्हणून ॲड-इनला एकाच वेळी तीन-चार होस्ट सांभाळावे लागतात. ऑटोकॅडचं डीडब्ल्यूजी, म्हणजे ड्रॉइंगची फाइल, २०१८ पासून त्याच फॉरमॅटमध्ये आहे, त्यामुळे "ड्रॉइंग उघडतंय म्हणजे प्लगिनही चालेल" असा समज होतो. फाइलचा फॉरमॅट आणि एपीआय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठी भिंत २०२४ आणि २०२५ च्या मध्ये आहे. ऑटोकॅड आणि रेव्हिट २०२१ ते २०२४ डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ वर (डॉटनेट म्हणजे ॲड-इन ज्याच्यावर चालतं तो मायक्रोसॉफ्टचा पाया) चालतात, २०२५ डॉटनेट ८ वर. मागच बदलला म्हणा ना. २०२४ साठी तयार केलेली डीएलएल, म्हणजे आपली कार्डं, २०२५ साठी नव्याने बिल्ड करावी, म्हणजे सोर्स कोडवरून पुन्हा पाडावी लागते. प्रोजेक्ट मात्र एकच ठेवता येतो: प्रोजेक्ट फाइलमध्ये दोन लक्ष्यं लिहायची, एक ४.८ चं, एक ८ चं, आणि प्रत्येक होस्ट-वर्षासाठी वेगळं बिल्ड कॉन्फिगरेशन करून त्याला त्या वर्षाची एपीआय लायब्ररी जोडायची. बटण एकदा दाबलं की चार फोल्डरांत चार डीएलएल पडतात.

होस्टच्या लायब्ररीला "कॉपी लोकल" नेहमी बंद. चालू राहिलं तर रेव्हिटची स्वतःची डीएलएल तुमच्या फोल्डरात येऊन बसते, आणि तीच वस्तू दोन ठिकाणची असली की ओळख पटत नाही.

कुठली डीएलएल कुणी उचलायची हे ऑटोकॅडला बंडलच्या फोल्डरातली पॅकेज-कंटेंट्स नावाची एक्सएमएल फाइल सांगते. आर२४.० ते आर२४.३ म्हणजे २०२१ ते २०२४, त्यांना पहिली, आर२५.० पासून दुसरी. कमाल मर्यादा लिहायला विसरलात तर जुनी डीएलएल नव्या ऑटोकॅडमध्येही घुसायला बघते. रेव्हिटमध्ये प्रत्येक वर्षाचं ॲडिन्स फोल्डर वेगळं, त्यात एक छोटी मजकुराची फाइल, आणि तिच्यात डीएलएलचा पत्ता.

रेव्हिट एखादी खुंटी काढण्याआधी सहसा एक व्हर्जन आधी इशारा देतं. मापांच्या एककांची जुनी यादी २०२१ मध्ये कालबाह्य ठरवली आणि २०२२ मध्ये काढून टाकली. बिल्ड करताना येणाऱ्या पिवळ्या इशाऱ्यांकडे जे दुर्लक्ष करतात त्यांना पुढच्या वर्षी तेच लाल होऊन भेटतात.

एक भांडण मात्र तुमच्या हातात नसतं. तुमचं ॲड-इन आणि दुसऱ्या कंपनीचं ॲड-इन, दोघंही जेसन (माहिती मजकुरात साठवायची एक पद्धत) वाचायला एकच तयार लायब्ररी वापरतात, पण वेगवेगळ्या व्हर्जनची. ४.८ च्या जगात जे आधी लोड झालं त्याचीच लायब्ररी बहुधा दोघांच्या वाट्याला येते. मग "काल चालत होतं, आज नाही" आणि मधे फक्त कुणीतरी दुसरं प्लगिन टाकलेलं असतं. बाहेरच्या लायब्ऱ्या जितक्या कमी तितकं बरं.

## तपासायचं कुठे

कोड सांभाळायच्या सर्वांत जुन्या व्हर्जनवर लिहायचा आणि बाकी सगळ्यांवर चालवून पाहायचा. उलटं केलं तर नवीन खुंटी नकळत वापरली जाते. एकाच विंडोजवर दोन ऑफिस टाकायच्या भानगडीत पडू नका, ती एकमेकांच्या नोंदी पुसतात; व्हर्च्युअल मशीन करा. ते जमत नसेल तर नवा कॉम्प्युटर आल्यावर जुना भंगारात देऊ नका. इंटरनेटची वायर काढून तो तपासणीसाठी कोपऱ्यात ठेवा.

तपासणीची यादी छोटी असली तरी चालेल. ठरलेली दहा मापं, त्यांची आधीच हाताने काढलेली उत्तरं, एक ७०,००० ओळींचं शीट, एक रिकामं शीट, एक मराठी नावं असलेली फाइल. प्रत्येक व्हर्जनवर हेच.

## "वेब ॲड-इन घेतलं की कटकट संपेल ना?"

बिटांची आणि इन्स्टॉलेशनची बऱ्यापैकी संपते. वेब ॲड-इन वेब पानासारखं लिहिलेलं असतं, त्यामुळे तेच ॲड-इन विंडोज, मॅक आणि ब्राउझरवर चालतं. व्हर्जनची कटकट मात्र नाव बदलून राहते. कोणत्या ऑफिसला एपीआयचा कितवा संच कळतो हे पाहावंच लागतं. शिवाय ते ब्राउझरच्या कुंपणात असतं. वजनकाट्याच्या पोर्टवरून थेट आकडा घेणारं किंवा जुन्या डीएलएलला हाक मारणारं काम त्याला करता येत नाही. पण आउटलुकमध्ये काही जोडलेलं असेल तर हा विचार आजच करा, कारण नवं आउटलुक जुन्या पद्धतीची, कॉम्प्युटरवर इन्स्टॉल करायची कॉम ॲड-इन घेतच नाही.

## जुन्याला कधी सोडायचं

आधी वहीत मांडा: कोणता कॉम्प्युटर, कोणतं विंडोज, कोणतं ऑफिस किंवा ऑटोकॅड, किती बिट, कोण वापरतं. २०१० साठी अजून मेहनत घेतली जाते ते एकाच गोदामातल्या एका मशीनपायी, असं त्यातून निघालं तर ते मशीन बदलणं स्वस्त पडतं. ऑफिस २०२१ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ला संपते आणि डॉटनेट ८ ची १० नोव्हेंबर २०२६ ला, तेव्हा वहीत तारखेचाही एक रकाना असू द्या.

सोडायचं ठरलं की त्या व्हर्जनसाठीचं शेवटचं बिल्ड नंबर घालून, त्याच दिवसाच्या सोर्स कोडसकट वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि पुन्हा त्याला हात लावू नका. नव्या इन्स्टॉलरने आधी होस्ट तपासावा. जुना सापडला तर अर्धवट बसण्याऐवजी "तुमच्यासाठी शेवटचं चालणारं बिल्ड अमुक नंबरचं, ते अमुक फोल्डरात आहे" असं मराठीत सांगून त्याने थांबावं.